कॉलेज फ्रुंझेचं, फी लातूरची

दिल्लीहून बिश्केकला जाताना सामानाला जी पट्टी लावायचे तिच्यावर ‘एफआरयू’ अशी अक्षरं असायची. ती फ्रुंझेची. बोल्शेविक सेनापती मिखाईल फ्रुंझे या गावात जन्मला म्हणून १९२६ साली गावाला त्याचं नाव मिळालं आणि ते १९९१पर्यंत टिकलं. मग किर्गिझस्तान स्वतंत्र झाला, शहराचं बिश्केक झालं, विमानतळाला मानस या त्यांच्या महाकाव्यातल्या वीराचं नाव दिलं गेलं. विमान कंपन्यांच्या यादीतला फ्रुंझे मात्र बराच काळ कुणी खोडला नाही. २०२४च्या सप्टेंबरात मी गेले तेव्हा विमानात पर्यटक म्हणावेत अशी माणसं थोडीच होती. बाकी सगळी अठरा ते तेवीस वयाची पोरं. डोक्यावरच्या कप्प्यात प्रेशर कुकर कोंबणं चाललं होतं आणि माझ्या मागच्या रांगेत शुद्ध मराठवाडी मराठीत वाद रंगला होता की हवाईसुंदरीकडून दुसऱ्यांदा जेवण मागितलं तर ती देती का नाही.

मी उभी नोकरी सरकारी मेडिकल कॉलेजात केली, फिजिऑलॉजी शिकवली. माझ्या मावसबहिणीचा मुलगा बिश्केकला चौथ्या वर्षाला आहे. तो फोनवर ‘सगळं मस्त चाललंय’ एवढंच सांगतो, आणि पोरगं एवढंच सांगायला लागलं की आई जास्त धास्तावते. ‘तू त्यातली माणूस, एकदा डोळ्यांनी बघून ये,’ असं तिनं मला सांगितलं. मलाही जायचंच होतं. माझ्या तरुणपणी लोकवाङ्मय गृहाच्या पुस्तक प्रदर्शनांत मिर प्रकाशनाची रशियन पुस्तकं वडापावच्या भावात मिळायची. प्रिव्हेसचं शरीररचनेवरचं जाडजूड पुस्तक मी तिथूनच घेतलं होतं. एवढं सुबक पुस्तक इतक्या स्वस्तात देणारी व्यवस्था पुढं कोलमडली, ते आपण वर्तमानपत्रात वाचलं. तिनं बांधलेल्या मेडिकल कॉलेजांचं काय झालं, हे कुणी फारसं लिहिलं नाही.

बिश्केक चालायला सुखाचं शहर आहे. रस्ते सरळ, दुतर्फा जुनी झाडं, आणि झाडांच्या बुंध्याशी वाहणारे पाण्याचे चर. त्यांना तिथं अरिक म्हणतात. दक्षिणेला मान वर केली की आला-तू पर्वताची बर्फाळ रांग. मुख्य चौकातला लेनिन २००३ साली उचलून संग्रहालयाच्या मागल्या अंगाला नेऊन ठेवला. फोडला नाही, वितळवला नाही, नुसती बदली केली. आता चौकात घोड्यावर बसलेला मानस आहे. देशानं समाजवादाचं जे केलं ते थोड्याफार फरकानं असंच आहे, हे मला पुढच्या मुक्कामात कळत गेलं.

इथल्या राज्य वैद्यकीय अकादमीला इसा अखुनबायेव यांचं नाव आहे. किर्गिझांमधले पहिले मोठे शल्यविशारद, आणि १९५४ साली इथली विज्ञान अकादमी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष. इस्सिक-कुल सरोवराच्या काठच्या खेड्यात १९०८ साली जन्मलेला मुलगा. त्याच्या बालपणी त्याचा समाज मेंढरं-घोडी घेऊन उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर आणि हिवाळ्यात खाली असा फिरता होता. १९३९ साली फ्रुंझेत वैद्यकीय संस्था उघडली ती अशा समाजाच्या मुलामुलींसाठी. शिक्षण फुकट, वर विद्यावेतन, वसतिगृह नावापुरत्या भाड्यात. त्या बदल्यात पदवीनंतर सरकार पाठवील तिथं तीन वर्षं नोकरी. तक्रार चालायची नाही. जिल्ह्याला इस्पितळ, पेठेला पॉलिक्लिनिक, आणि खेड्याला फेल्डशर, म्हणजे डॉक्टरच्या खालचा पण कंपाउंडरच्या पुष्कळ वरचा प्रशिक्षित माणूस. हा सगळा साचा निकोलाय सेमाश्को या पहिल्या सोव्हिएत आरोग्यमंत्र्याच्या काळातला. त्यात दोष ढीगभर होते. खाटा मोजून पैसे मिळायचे म्हणून खाटा वाढत गेल्या, रोगी आठवडेच्या आठवडे उगाच भरती राहायचे. पण मेंढपाळाची मुलगी डॉक्टर झाली ती याच साच्यातून, आणि हे मान्य न करणारा माणूस मला किर्गिझस्तानात भेटला नाही. समाजवादाला शिव्या देणारेही हे आधी कबूल करतात, मग शिव्या देतात.

१९९१ साली मॉस्कोहून येणारा पैसा थांबला. कारखाने बंद पडले, उत्पन्न चार-पाच वर्षांत निम्म्यावर आलं. १९९३च्या मे महिन्यात सोम हे स्वतःचं चलन निघालं. मध्य आशियात हे धाडस या देशानं सर्वांत आधी केलं. राष्ट्राध्यक्ष अस्कर अकायेव हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, आणि खुल्या बाजाराचा पाठ त्यांनी हुशार विद्यार्थ्यासारखा गिरवला. १९९८ साली किर्गिझस्तान जागतिक व्यापार संघटनेत गेला, माजी सोव्हिएत देशांत पहिला. विद्यापीठं तेव्हा डझनभर होती ती बघता बघता पन्नासच्या घरात गेली. रशियाशी करार करून स्लाव्ह विद्यापीठ, तुर्कस्तानशी करार करून मानस विद्यापीठ, अमेरिकेच्या मदतीनं अमेरिकन विद्यापीठ. एकाच गावात तिघांची तीन तत्त्वज्ञानं. आणि सरकारी कॉलेजांत दोन रांगा सुरू झाल्या. एक ‘ब्युज्येत’ची, म्हणजे सरकारी खर्चानं शिकणाऱ्यांची; दुसरी ‘कोंत्राक्त’ची, म्हणजे फी भरून शिकणाऱ्यांची. पहिली आखूड होत गेली, दुसरी लांबत गेली. फुकटच्या जागा वशिल्यानं जायला लागल्या तेव्हा २००२पासून देशभर एकच प्रवेश परीक्षा सुरू करावी लागली. आपल्याकडच्या सीईटीचीच बहीण म्हणा.

कोंत्राक्तच्या रांगेत परदेशी पोरं उभी करता येतात, आणि ती डॉलरमध्ये पैसे देतात, हे कुणाच्या लक्षात आधी आलं ते सांगता येत नाही. पण आज एकट्या भारतातली पंधरा हजारांच्या आसपास मुलं या देशात वैद्यकी शिकतात. देशाची लोकसंख्या सत्तर लाख. म्हणजे पुणे महानगरात मावेल इतकी. पाकिस्तानी मुलं आणखी वेगळी.

भाच्याच्या होस्टेलजवळच्या मेसमध्ये मी जेवले. चालवणारा विदर्भातला. स्वतः पहिल्या वर्षी कॉलेज सोडलं आणि डॉक्टर होण्याऐवजी डॉक्टर होणाऱ्यांना खाऊ घालायला लागला. वरण-भात, दोन भाज्या, बुधवारी चिकन, आणि जगात कुठंही मेसवाल्याला करता येत नाही तशीच कडक पोळी. टेबलावर बसलेल्या आठ पोरांत लातूर, नांदेड, जालना, बुलढाणा, एक कोल्हापूर. मी विचारलं, नीटला किती होते? प्रत्येकानं आकडा सांगितला, आणि शेजाऱ्यानं तो दुरुस्त केला. गणित त्यांना तोंडपाठ आहे. २०२४ साली नीटला बसले तेवीस लाखांवर, देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत. सरकारी कॉलेज हुकलं की आपल्याकडच्या खाजगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून पूर्ण शिक्षणाचा खर्च कोटीच्या घरात. इथं वर्षाची फी तीन-चार हजार डॉलर, म्हणजे रुपयांत तीन लाखांच्या अलीकडे-पलीकडे. लातूर-नांदेडला शिकवण्यांच्या गल्लीतच परदेशी प्रवेशाच्या कन्सल्टन्सीच्या पाट्या आहेत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन यायला लागतात. नंबर त्यांना कुठून मिळतात हे विचारू नये. माझ्या मेहुण्यांनी बायपासला घेऊन ठेवलेला प्लॉट काढला आणि वर बँकेचं कर्ज. कन्सल्टन्सीवाल्यानं दाखवलेल्या माहितीपत्रकावर बर्फाचा डोंगर होता. भाचा म्हणतो, ‘मावशी, डोंगर खराय. बाकीचं विचारू नको.’

पोरांना नावं ठेवायची मला तरी सोय नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडलं, तेव्हा मी नोकरीत नवी होते. दादांचा हेतू असा की आपली पोरं डोनेशन देऊन कर्नाटकात जातात, तो पैसा इथं राहावा. पुढं जे झालं ते आपण शिक्षणसम्राट हा शब्द रोज वापरतो त्यावरून कळावं. सोव्हिएत संघ कोसळायच्या आठ वर्षं आधी आपण आपला कोंत्राक्त सुरू केला होता, तोही तोंडानं समाजवादी रचनेचा जप चालू ठेवून. फरक एवढाच, की आपल्याकडे नवी कॉलेजं निघाली, जुनी सरकारी तशीच राहिली. किर्गिझांना नवी बांधायला पैसा नव्हता. त्यांनी जुन्याच इमारतीत, जुन्याच शिक्षकांना घेऊन, नव्या गिऱ्हाइकाला बसवलं.

भाच्याच्या कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. इमारत सोव्हिएत काळातली, भक्कम, जिन्याच्या पायऱ्या मध्यभागी झिजलेल्या. मला विभागप्रमुखांनी मानानं फिरवलं. शिक्षकाला शिक्षक ओळखतो. शवविच्छेदनाच्या दालनात पाच टेबलं होती, त्यांतल्या एकावरच शव, आणि तेही इतक्या तुकड्यांनी हाताळलेलं की स्नायूंचे पदर ओळखू येईनात. बाकी काम प्लास्टिकच्या प्रतिकृती आणि मोठ्या पडद्यावर. भिंतीवर मात्र हातानं रंगवलेले जुने तक्ते होते, लेबलं रशियनमध्ये. त्या तक्त्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. असे तक्ते आता कुणी काढत नाही.

शिस्त अजून जुन्याच वळणाची आहे. शंभर-दीडशेचा वर्ग नसतो. बारा-पंधरा मुलांचा गट, रोज प्रत्येकाला प्रश्न, रोज गुण. गुण दोनापासून पाचापर्यंत. दोन म्हणजे नापास. एकही तास बुडाला तर तो वेगळ्या वेळी येऊन भरून द्यायचा, त्याला ओत्राबोत्का म्हणतात. मराठी पोरांच्या तोंडी तो शब्द इतका बसलाय की ‘माझी बायोकेमची ओत्राबोत्का राहिलीय’ हे वाक्य ती घरी आईलाही फोनवर ऐकवतात. सत्राअखेर तोंडी परीक्षा. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची, तिच्यावरच्या प्रश्नांचा थोडा वेळ विचार करायचा आणि परीक्षकासमोर बसून बोलायचं. कागदावर ही पद्धत आपल्या वस्तुनिष्ठ प्रश्नांपेक्षा कितीतरी उजवी. पण परीक्षकाचं इंग्रजी बेतास बात, मुलाचं रशियन त्याहून बेतास बात. मग दोघंही एकमेकांवर दया दाखवतात आणि चौकडा मिळतो. काही ठिकाणी दया फुकट मिळत नाही, असंही पोरं हळूच सांगतात. जिथं शिक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चाइतका असतो तिथं हे व्हायचंच, असं म्हणून मी ते सोडून देणार नाही. पण आश्चर्यही वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र बघून मी सुखावले. तिसऱ्या वर्षी त्यांना प्रोपेडेव्टिका नावाचा विषय असतो. रोगी तपासायचा कसा, एवढंच वर्षभर. नजर, हात, बोटांचा ठोका, स्टेथोस्कोप. शहरातल्या एका इस्पितळात भाच्याच्या गटाबरोबर मला आत जायची परवानगी मिळाली. पांढरा डगला, डोक्यावर पांढरी टोपी, बुटांवर निळ्या पिशव्या. खाटेवर साठीपुढचा एक मेंढपाळ, दमेकरी, छाती पिंपासारखी फुगलेली. भाच्यानं विचारलं, ‘श्तो वास बेस्पाकोईत?’ काय त्रास होतोय. म्हातारा रशियनमध्ये सुरू झाला, दोन वाक्यांत किर्गिझमध्ये घसरला, आणि दोन्ही भाच्याच्या डोक्यावरून गेलं. मदतीला गटातली स्थानिक मुलगी नव्हती, कारण परदेशी मुलांचे गट वेगळे असतात. शिकवणाऱ्या बाईंनी भाषांतर केलं. पण मग भाच्यानं डावा हात त्याच्या छातीवर सपाट ठेवला, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं डाव्याच्या मधल्या बोटावर ठोका देत बरगडीबरगडीनं खाली उतरला, आणि हृदयाची कड जिथं सापडायला हवी तिथं ती फुगलेल्या फुप्फुसाखाली झाकली गेलीय हे ठोक्याच्या आवाजावरून सांगितलं. बरोबर होतं. आमच्याकडे हल्ली इंटर्न आधी एकोची चिठ्ठी लिहितो. मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली तर बाईंना ते आवडलं नाही. वॉर्डात असलं काही चालत नाही.

त्या म्हाताऱ्याची सून बाहेर औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट घेऊन आली. सोव्हिएत काळात हे फुकट होतं, निदान कागदावर. प्रत्यक्षात डॉक्टरच्या खिशात काहीतरी सरकवावं लागायचंच, आणि नव्वदीत तर सगळाच कारभार खिशावर आला. १९९६ साली मानस याच नावानं आरोग्यसुधारणेचा मोठा कार्यक्रम निघाला. सक्तीचा आरोग्य विमा आला, जास्तीच्या खाटा आणि इमारती कमी केल्या, गावोगाव कुटुंब-डॉक्टरांचे गट उभे केले. २००१पासून रोग्यानं उघडपणे ठरावीक वाटा भरायचा असं ठरलं, म्हणजे टेबलाखालचं टेबलावर येईल. काही अंशी आलंही. जागतिक आरोग्य संघटनेचे लोक या देशाचं उदाहरण देत आलेत. सुनेला मी विचारवलं तेव्हा तिनं वाटा भरल्याची पावती दाखवली, आणि मग हातातली पिशवीही दाखवली.

त्याच वर्षीच्या मेमधल्या हल्ल्याची हकीकत भाच्यानं मला मेसमध्ये नाही, रस्त्यावर चालताना सांगितली. १३ मेच्या सुमारास परदेशी विद्यार्थी आणि काही स्थानिक तरुण यांच्यात मारामारी झाली, तिचे व्हिडिओ फिरले, आणि १७ तारखेच्या रात्री जमाव परदेशी मुलांच्या होस्टेलांवर चालून गेला. पाकिस्तानी मुलांना सर्वांत जास्त झळ बसली. जमावाला भारतीय कोण, पाकिस्तानी कोण हे कळण्याचा प्रश्नच नव्हता. भाच्याच्या मजल्यावरच्या मुलांनी दिवे मालवले, कपाट दाराला लावलं आणि ग्रुपवर एकच मेसेज फिरत राहिला, खिडकीशी जाऊ नका. पहाटे खालच्या मजल्यावरची रशियन म्हातारी पाव आणि उकडलेली अंडी घेऊन वर आली. नंतर वर्ग ऑनलाइन झाले, पाकिस्ताननं हजारो मुलं विमानांनी परत नेली. ‘आईला यातलं अर्धंच माहितीय,’ तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की उरलेलं मी सांगणार आहे, कारण ती आई आहे आणि प्लॉट तिचाही होता.

या रागामागं काय आहे ते टॅक्सीवाल्यांशी बोलून थोडं कळतं. इथली तरुण पोरं मजुरीला रशियात जातात. देशाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी पाठवलेल्या पैशाचा. इथं शिकलेले डॉक्टरही तिकडंच जातात, तिथं पगार कितीतरी जास्त. आणि त्यांच्या गावात बाहेरची हजारो पोरं डॉलर मोजून फ्लॅट भाड्यानं घेतात, भाडी वाढवतात. एक टॅक्सीवाला म्हणाला, ‘माझी मुलगी कोंत्राक्तवर नर्सिंग शिकते. तुमच्या पोरांची फी नसती तर तिच्या कॉलेजची शेगडी पेटली नसती, हे मला कळतं. पण आवडत नाही.’ याहून नेमकं अर्थशास्त्र मला तिथं कुणी सांगितलं नाही.

ओशला विमानानं तासाभरात जाता येतं, पण मी रस्त्यानं गेले. साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर, पूर्ण दिवस. कारा-बाल्ताच्या पुढं गाडी घाट चढायला लागते आणि तीन हजार मीटरच्या वर तुया-आशूच्या बोगद्यात शिरते. या खिंडीजवळ मिर्साईद मिर्राखिमोव्ह यांचं उंचीवरच्या वैद्यकाचं संशोधन केंद्र होतं. हे फार मोठे हृदयरोगतज्ज्ञ. डोंगरात राहणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या रक्तदाबावर त्यांनी आयुष्य घातलं. सोव्हिएत संघ गेला, पैसा आटला, पण या विषयात आपल्या लष्कराला रस होता, कारण सियाचीन आणि लडाख. २०११ साली आपले तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी बिश्केकमध्ये किर्गिझ-भारतीय पर्वतीय जैववैद्यकीय संशोधन केंद्राचं उद्घाटन केलं, आपल्याकडून डीआरडीओ. मी फिजिऑलॉजीवाली, गाडी थांबवून खाली उतरल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. दहा पावलांत धाप लागली. वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला प्राणवायूचा आलेख तिथं छातीत जाणवला, आणि ड्रायव्हरनं मला गाडीत बस म्हणून खुणावलं.

खिंडीपलीकडं सुसामिर खोऱ्यात रस्त्याकडेला तंबू आणि त्यांच्यापुढं घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमिसच्या, बाटल्या. जरा आंबट ताकाची, जरा धुराची चव. एक वाटी पुरे.

पुढं एका खेड्यात ड्रायव्हरची मामी फेल्डशर होती, म्हणून थांबलो. दोन खोल्यांचं केंद्र. लशींची शीतपेटी, वजनकाटा, लोखंडी पलंग, भिंतीवर गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव आणि तारीख हातानं लिहिलेला तक्ता. बाई साठीच्या, फ्रुंझेच्या काळात शिकलेल्या. १९७८ साली पलीकडच्या अल्मा-आतात जगभरचे आरोग्यमंत्री जमले आणि इसवी सन २०००पर्यंत सर्वांना आरोग्य असा जाहीरनामा निघाला. आपल्याकडे तो प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरता पाठ असतो. इथं त्यातलं काय ते या दोन खोल्यांत उभं होतं. बाईंनी चहा दिला, भाच्याची चौकशी केली, फी किती ते विचारलं. आकडा सांगितल्यावर त्यांनी तोंडानं टक् असा आवाज केला. मग विचारलं, ‘तुमच्याकडं डॉक्टर कमी पडतात म्हणून तो इथं आलाय, की जास्त झालेत म्हणून?’ मी म्हटलं, खेड्यात कमी पडतात, शहरात गर्दी आहे. त्या म्हणाल्या, मग शिकून तो खेड्यात जाईल ना? त्यांच्या वेळी तसंच होतं. ड्रायव्हर भाषांतर करताना हसला. मी नाही हसले. सरकारी कॉलेजातून फुकटात शिकलेल्या माझ्या वर्गातले किती जण खेड्यात गेले, ते मला माहीत आहे.

ओशला पोचलो तेव्हा चौकात लेनिन होता. मध्य आशियातला सर्वांत उंच पुतळा म्हणून त्याची ख्याती, हात पुढं केलेला. मी परतल्यावर पुढच्या जूनमध्ये तोही उतरवला. गावाच्या मधोमध सुलेमान-तू हा खडकाचा डोंगर आहे. जवळच्या अंदिजानचा बाबर तरुणपणी इथं यायचा आणि त्यानं आत्मचरित्रात ओशच्या हवेचं तोंडभरून कौतुक केलंय. २०१० साली याच गावात किर्गिझ आणि उझबेक यांच्यात भीषण दंगल झाली, शेकडो माणसं गेली. आता बाजारात दोन्ही भाषा ऐकू येतात, आणि तिसरी हिंदी, कारण ओशमध्येही आपली हजारो पोरं आहेत.

तिथल्या एका मेडिकल फॅकल्टीत माझ्याच विषयाच्या प्राध्यापिका भेटल्या. वय माझ्याइतकं. सोव्हिएत काळात विद्यावेतनावर शिकलेल्या, पुढं लेनिनग्राडला संशोधन केलं, नव्वदीत पगार थांबले तेव्हा बाजारात स्वेटर विकले. त्यांनी हे सगळं सरळ सांगितलं, रडगाणं नाही. जुना काळ हवा का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली, ना होकाराची ना नकाराची. तेव्हा प्रयोगशाळेत बेडूक होते, यंत्रं होती, पण कुठल्या परदेशी नियतकालिकात काय छापून आलंय ते वाचायला परवानगी लागायची. आता इंटरनेटवर सगळं वाचता येतं, आणि बेडूक नाहीत.

मग त्यांनी कपाटातून एक वही काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१मध्ये नियम काढले: चोपन्न महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजीतून, तिथंच एक वर्षाची इंटर्नशिप, भारतात परतल्यावर आणखी एक वर्ष. त्या नियमांचं रशियन भाषांतर त्यांनी कलमवार लिहून ठेवलं होतं. त्यांच्या फॅकल्टीचं वेळापत्रक आता बिश्केकच्या मंत्रालयाइतकंच दिल्लीवरून ठरतं. परत गेल्यावर मुलांना एक परीक्षा द्यावी लागते, २००२पासून चालू असलेली, तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर आले तर पास. बहुतेक सत्रांत जेमतेम पाचातला एक, फार तर चारातला एक पास होतो, हेही त्यांना माहीत होतं. ज्या कॉलेजचा निकाल बरा, तिथं पुढल्या वर्षी मुलं जास्त, हेही. चिठ्ठ्या उचलून बोलायची सवय लावलेली त्यांची मुलं चार पर्यायांतला एक निवडताना अडखळतात, असं त्यांचं निदान होतं, आणि ते मला पटलं.

‘तुमच्या शहरात या प्रश्नांची पुस्तकं मिळतात म्हणे,’ त्या म्हणाल्या. मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाचं नाव सांगितलं. त्यांनी ते रशियन लिपीत वहीत लिहून घेतलं, उच्चार दोनदा विचारला. फिजिऑलॉजीचं एक तरी पाठवा, नवी आवृत्ती, जुनी नको. पैसे देऊ लागल्या ते मी घेतले नाहीत. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्याला बोलावलं, परभणीचा मुलगा, आणि त्याच्याकडून चौकशी करवली की पुण्याहून ओशला कुरियर करायला किलोमागं काय पडतं. तो म्हणाला, ‘कुरियर नको मॅडम, मागतील ते घेतात. जानेवारीत आमची बॅच येते, तिच्यातल्या कुणाच्या तरी बॅगेत टाका.’